कॅनालेत्तोच्या चित्रात पाणी कुठवर आहे?

जुलै २०२५ मध्ये लंडनच्या ख्रिस्टीज या लिलावगृहात एका चित्राला सुमारे ३ कोटी १९ लाख पौंड आले. रुपयांत तीनशे कोटींच्या बरंच पुढे. चित्रात देव नाही, देवी नाही, लढाई नाही. एक शहर, त्याच्यापुढं पाणी, पाण्यात होड्यांची दाटी आणि त्यांच्यामध्ये सोन्यानं मढवलेली एक राजनौका. चित्रकार कॅनालेत्तो, शहर व्हेनिस, काळ १७३२ च्या आसपासचा.

अशी बातमी वाचली की कोल्हापुरातल्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो. घाट, होड्या, देवळं तर आपल्याकडची कलाशाळेतली मुलं सुट्टीच्या सकाळी पंचगंगेवर बसून काढतात. मग याच्यात एवढं काय आहे?

किमतीपुरतं उत्तर थोडक्यात देता येतं. चित्र चांगल्या अवस्थेत आहे, अशी मोठी आणि उत्तम चित्रं बाजारात क्वचित येतात, आणि हे एकेकाळी ब्रिटनचे पहिले पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांच्या मालकीचं होतं. एवढ्यावर लिलावाचा आकडा समजतो. पण कॅनालेत्तोचं मोल मला वाटतं दुसऱ्याच गोष्टीत आहे. त्याच्या चित्रांवरून शास्त्रज्ञांनी व्हेनिसमध्ये पाणी किती चढलं ते मोजलं. त्याच्या भाच्याच्या चित्रांवरून एका उद्ध्वस्त राजधानीच्या इमारती पुन्हा उभ्या केल्या गेल्या. शहराचं चित्र हा पुरावा होऊ शकतो. तो कधी होतो, कधी होत नाही आणि कसा तपासायचा, हे २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या आपल्या गावानं समजून घ्यायला हवं.

नाटकाचे पडदे रंगवणारा मुलगा

जोवान्नी आंतोनियो कनाल याचा जन्म ऑक्टोबर १६९७ मध्ये व्हेनिसला झाला. त्याचे वडील बर्नार्दो कनाल रंगभूमीसाठी पडदे आणि देखावे रंगवायचे. बाप-लेक दोघेही कनाल, म्हणून मुलाला कॅनालेत्तो म्हणू लागले, म्हणजे धाकटा कनाल. आपल्याकडे १७१० मध्ये ताराराणींनी पन्हाळ्यावर गादी स्थापन केली तेव्हा हा बारा-तेरा वर्षांचा होता. पुढे तो वडिलांच्या हाताखाली पडदे रंगवायला लागला आणि १७१९ च्या सुमाराला रोमला जाऊन दोघांनी संगीत नाटकांचे देखावे केले.

हे वाचताना कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढं दुसरी जोडी उभी राहते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊसुद्धा आधी नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवत होते. बाबूराव पुढे सिनेमाकडे वळले, त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. कॅनालेत्तो पडद्यांकडून शहराकडे वळला. दोन शतकांचं आणि दोन खंडांचं अंतर आहे, पण तालीम एकच.

त्या तालमीत हाताला काय मिळतं? सपाट कापडावर खोली दाखवायची कला. चित्रकार तिला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात, मराठीत यथार्थदर्शन. महाद्वार रोडवर गर्दी नसताना, भल्या सकाळी, रस्त्याच्या मध्यावर उभे राहा आणि देवळाच्या दिशेनं बघा. दोन्ही बाजूंच्या दुकानांचे फलक तुमच्या डोळ्यांपेक्षा उंच आहेत, त्यांच्या रेषा दूर जाताना खाली उतरत जातात. रस्त्याच्या कडा डोळ्यांच्या खाली आहेत, त्या दूर जाताना वर चढत जातात. या सगळ्या रेषा मनानं पुढं वाढवल्या तर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर एका बिंदूपाशी भेटतात. खाली बसलात तर तो बिंदूही खाली येतो. चित्रकाराला हा बिंदू सापडला की कोणती खिडकी किती लहान काढायची, कोणती कमान किती तिरकी करायची, हे पट्टी लावून ठरवता येतं.

म्हणूनच कॅनालेत्तोच्या चित्राला मोजपट्टी लावता येते. त्याच्या इमारती अंदाजानं काढलेल्या नाहीत. कागदावर पेन्सिलीच्या आखलेल्या रेषा आणि कंपासची खूण अजून सापडते.

ऊन कुठून आलं?

नुसत्या पट्टीनं चित्र होत नाही, आराखडा होतो. १७२५ मध्ये एका मध्यस्थानं लुक्का गावातल्या चित्रसंग्राहकाला पत्र लिहिलं, त्यात या तरुणाची शिफारस करताना सांगितलं की याच्या चित्रात ऊन चमकताना दिसतं. त्याच सुमाराचं त्याचं ‘दगडफोड्यांचं अंगण’ या नावानं ओळखलं जाणारं चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम हेच, तीनशे कोटींचं नव्हे.

या चित्रात मिरवणूक नाही, राजनौका नाही. एका चर्चच्या दुरुस्तीसाठी चौकात दगड आणून टाकलेत आणि पाथरवट ते घडवताहेत. खिडक्यांत कपडे वाळत घातलेत. पुढं एक लहान मूल पडलंय, त्याची लघवी झालीय, आई हात पसरून धावलीय आणि दुसरी बाई वरून बघतेय. घरांचा गिलावा जिथं जिथं सुटलाय तिथं खालची वीट दिसते. आभाळासाठी त्यानं प्रशियन निळा वापरला. हा रंग तेव्हा अगदी नवा होता, बर्लिनमध्ये शोध लागून जेमतेम वीस वर्षं झाली होती.

याच चित्रात कालव्यापलीकडच्या चर्चशेजारी उंच घंटाघर दिसतं. ते १७४४ मध्ये कोसळलं. आज त्या जागी उभं राहिलं तर आभाळाची ती जागा रिकामी आहे.

गिऱ्हाईक कोण होतं?

त्या काळी इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांतली तरुण मुलं शिक्षणाचा भाग म्हणून युरोपभर, विशेषतः इटलीत, महिनोन् महिने फिरायची. परत जाताना पाहिलेल्या शहराचं चित्र सोबत हवं असायचं. अशा ठरावीक जागेवरून, ओळखू येईल असं काढलेल्या शहराच्या चित्राला इटालियनमध्ये वेदूता म्हणतात. फोटो नव्हता, पोस्टकार्ड नव्हतं. वेदूता ही त्यांची आठवण आणि घरी दाखवायची ऐटही.

कॅनालेत्तोला ही गिऱ्हाइकं आधी ओवेन मॅकस्विनी आणि नंतर जोसेफ स्मिथ या व्हेनिसमध्ये राहणाऱ्या दलालांनी मिळवून दिली. स्मिथ पुढे तिथला ब्रिटिश वाणिज्यदूत (कॉन्सल) झाला. त्यानं स्वतःसाठीही चित्रं आणि रेखाटनं जमवली आणि १७६२ मध्ये आपला संग्रह ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याला विकला. म्हणून कॅनालेत्तोचा सर्वांत मोठा साठा आज ब्रिटिश राजघराण्याकडे आहे आणि खुद्द व्हेनिसमध्ये त्याची चित्रं फार थोडी आहेत. शहराचं रूप शहरात राहिलं नाही, परगावच्या भिंतींवर गेलं. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या चित्रांचं असंच झालंय.

१७४० नंतर युरोपात युद्ध पेटलं आणि प्रवासी यायचे थांबले. गिऱ्हाईक येईना तेव्हा चित्रकारच गिऱ्हाइकाकडे गेला. १७४६ मध्ये तो लंडनला पोचला. तिथं थेम्स नदीवर वेस्टमिन्स्टरचा नवा पूल बांधला जात होता, तो त्यानं अर्धवट अवस्थेतही रंगवला आणि कमानीतून दिसणारं शहरही रंगवलं. पण लंडनमध्ये आवई उठली की हा खरा कॅनालेत्तोच नव्हे, कुणीतरी तोतया आहे. तेव्हा १७४९ मध्ये त्यानं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन रसिकांना आपल्या बिऱ्हाडी येऊन चित्र बघायचं आमंत्रण दिलं. पन्नाशी ओलांडलेल्या, नाव झालेल्या माणसाला परक्या गावात आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागलं. सन १७५५ नंतर तो व्हेनिसला परतला.

व्हेनिसच्या कला अकादमीनं त्याला १७६३ मध्ये सदस्य करून घेतलं, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. इतका उशीर लागला कारण देवादिकांची आणि इतिहासाची चित्रं थोर, शहराची चित्रं दुय्यम अशी तेव्हाची उतरंड होती. १९ एप्रिल १७६८ रोजी तो वारला. लग्न केलं नव्हतं. मागं थोडीशी चीजवस्तू आणि न विकली गेलेली काही चित्रं राहिली.

यंत्राचा आधार घेतला, मग त्यात कला कसली?

ही शंका कॅनालेत्तोच्या काळापासून आहे आणि मोबाइलवर फोटो काढून घरी चित्र रंगवणाऱ्या आजच्या मुलांनाही ऐकावी लागते.

आधी यंत्र समजून घेऊ. खोलीची दारंखिडक्या गच्च बंद करून एकाच खिडकीत बारीक भोक ठेवलं आणि बाहेर लख्ख ऊन असेल, तर समोरच्या भिंतीवर बाहेरचा देखावा उलटा उमटतो. झाडं खाली डोकं वर पाय, रस्त्यावरची माणसंही तशीच चालताना दिसतात. कारण सरळ आहे. उजेड सरळ रेषेत जातो, उंचावरून निघालेला किरण भोकातून खाली जातो आणि खालचा वर. भोकात भिंग बसवलं आणि खोलीऐवजी पेटी केली की झाला कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे अंधारी पेटी. काचेवर पडलेल्या देखाव्यावर कागद ठेवून रेषा गिरवता येतात. व्हेनिसच्या कोरेर संग्रहालयात अशी एक पेटी आहे आणि तिच्यावर ‘ए. कनाल’ असं नाव आहे.

कॅनालेत्तोनं ती किती वापरली यावर तज्ज्ञांत वाद आहे. त्याच्या एका वहीतली भराभर काढलेली रेखाटनं पेटीतून काढल्यासारखी वाटतात असं काहींचं म्हणणं. उलट ब्रिटिश राजसंग्रहातली त्याची रेखाटनं अवरक्त किरणांखाली तपासली तेव्हा शाईच्या खाली पट्टीनं आखलेल्या पेन्सिलीच्या रेषा दिसल्या, म्हणजे ती घरी बसून बांधलेली होती.

माझ्या दृष्टीनं वादाचा निकाल काहीही लागो, आरोप उभा राहत नाही. पेटी रेषा देते. कोणत्या भिंतीवर ऊन पाडायचं, कोणती खिडकी अंधारात ठेवायची, पाण्यावर लाटेची एक पांढरी फटकार कुठं मारायची, हे पेटी सांगत नाही. आणि पेटीच्या कडेला देखावा वाकडा होतो, तो दुरुस्त करायला पर्स्पेक्टिव्ह पक्कं यावं लागतं. त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १७७१ मध्ये, झानेत्ती या व्हेनिसच्या लेखकानं लिहून ठेवलं की या पेटीचा योग्य वापर कसा करायचा आणि तिच्या चुका कशा ओळखायच्या ते कॅनालेत्तोनं शिकवलं.

मग चित्रात आहे ते सगळं खरं?

नाही. आणि लेखातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

कॅनालेत्तो कालवे रुंद करायचा. आड येणारा मनोरा बाजूला सरकवायचा. एका जागेवरून जेवढं दिसूच शकत नाही तेवढं दाखवण्यासाठी दोन-तीन ठिकाणांवरून काढलेली रेखाटनं एकत्र जोडायचा. काही चित्रांत तर उघडउघड कल्पना आहे, तिला काप्रीच्चो म्हणतात. पालादिओ नावाच्या थोर वास्तुतज्ज्ञानं व्हेनिसच्या रिआल्तो पुलाचा एक आराखडा केला होता, तो कधी बांधला गेला नाही. कॅनालेत्तोनं तो पूल कालव्यावर रंगवला आणि शेजारी विचेंझा या दुसऱ्या गावातल्या पालादिओच्या इमारती आणून ठेवल्या. आपल्याकडे कुणी नवीन राजवाडा उचलून रंकाळ्याच्या काठी मांडावा, तसं. गाव माहीत असलेल्याला लगेच कळतं. तीनशे वर्षांनी, परगावच्या माणसाला कळेलच असं नाही.

तेव्हा चित्र हा साक्षीदार आहे आणि त्याची उलटतपासणी करावी लागते. पद्धत अवघड नाही. चित्रातली जी इमारत आजही उभी आहे तिच्या खिडक्या, कमानी, दगडांचे थर मोजायचे. रुंदी-उंचीचं प्रमाण प्रत्यक्षाशी जुळतं का बघायचं. ज्या भागात चित्रकार मोजमापात चोख निघाला, त्या भागात त्यानं नोंदवलेल्या इतर गोष्टींवर विश्वास ठेवायला जागा असते. जिथं तो इमारतीच सरकवतोय, तिथली बाकीची साक्षही बाजूला ठेवायची.

हिरवी रेघ

हीच उलटतपासणी दारिओ कामुफो या इटालियन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं केली, २००३ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं.

घरामागच्या पाण्याच्या हौदाला आतून हिरवट-काळा पट्टा असतो. पाणी रोज जिथवर येतं तिथवर शेवाळ धरतं, त्याच्या वर भिंत कोरडी. व्हेनिसच्या वाड्यांचं असंच आहे. भरती दिवसातून दोनदा येते, तिची नेहमीची उंची जिथं, तिथं शेवाळाचा पट्टा संपतो. कॅनालेत्तो आणि त्याचा भाचा बेलोत्तो इतके काटेकोर की त्यांनी तो पट्टासुद्धा रंगवला. त्यांना समुद्राची पातळी नोंदवायची नव्हती. भिंत ओली दिसत होती, म्हणून ओली काढली.

शास्त्रज्ञांनी आधी चित्रं गाळली. ज्यांतल्या इमारतींची मापं प्रत्यक्षाशी जुळली तेवढीच ठेवली. मग चित्रातला पट्टा दारापासून, पायरीपासून किती खाली आहे ते काढलं आणि त्याच इमारतींवर आजचा पट्टा कुठं आहे ते मोजलं. फरक आला सुमारे ६० सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ दोन फूट. चित्रात कोरड्या दिसणाऱ्या कितीतरी पायऱ्या आज पाण्याखाली आहेत.

या दोन फुटांचं कारण एकच नाही. समुद्र वर आला हे खरं, पण व्हेनिसची जमीनही खचलीय, आणि भोवतालच्या उथळ खाडीत माणसानं केलेल्या बदलांमुळे भरतीची चालही बदलली. शेवाळाची रेघ फक्त एकूण बेरीज सांगते, वाटणी सांगत नाही.

व्हेनिसमध्ये पाण्याची पातळी यंत्रानं नियमित नोंदायला १८७२ मध्ये सुरुवात झाली. त्याच्या मागच्या काळाला यंत्र नव्हतं, कॅनालेत्तोचा कुंचला होता. त्या कुंचल्यामुळे नोंद सव्वाशेहून अधिक वर्षं मागं गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथं भरतीचं पाणी १८७ सेंटीमीटरवर गेलं आणि बहुतेक सगळं शहर बुडालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपण व्हीनस कॉर्नरला नावा चालताना पाहिल्या होत्या.

हे कोल्हापूरच्या पुराला लागू पडतं का?

जसंच्या तसं नाही, आणि इथं गफलत होऊ नये.

व्हेनिसची हिरवी रेघ ही रोजच्या भरतीच्या पाण्याची सरासरी आहे, वर्षानुवर्षं जमलेली. शाहूपुरीतल्या किंवा शुक्रवार पेठेतल्या भिंतीवर पुरानंतर राहिलेली चिखलाची रेघ ही एका पुराच्या एका दिवसाची कमाल उंची आहे. पहिली हळू बदलणारी गोष्ट सांगते, दुसरी एक घटना सांगते. दोन्ही मोलाच्या, पण एकीचं काम दुसरीला लावू नये.

शिवाय आपण जे आकडे ऐकतो, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, ते राजाराम बंधाऱ्याजवळच्या मोजपट्टीवरचे आहेत. बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे तुमच्या गल्लीत ४३ फूट नव्हे. २०१९ आणि २०२१ ला त्या पट्टीवर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. पण आपल्या दारात कुठवर आलं हे बंधारा सांगत नाही, ते दाराजवळची रेघ सांगते. आणि ती रेघ पुढच्या दिवाळीला रंगाच्या हातासरशी पुसली जाते. काही घरांनी, काही देवळांनी ती जपून वर तारीख लिहिलीय, त्यांचे आभार मानायला हवेत.

चित्रं इथं उपयोगी पडतात. घाटावर बसून काढलेल्या जलरंगात पायऱ्या मोजता येतात, कोणती पायरी ओली आहे ते दिसतं, दीपमाळ कुठवर बुडालीय ते दिसतं, दगडी शिवाजी पुलाची कमान पाण्यावर किती उघडी आहे ते दिसतं. वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत काढलेली अशी चित्रं शेजारी शेजारी मांडली तर नदीचं वर्ष डोळ्यांपुढं येतं. अट तीच, कॅनालेत्तोला लावली ती. आधी पायऱ्या आणि कमानी प्रत्यक्षाशी जुळतात का बघा, मग पाण्यावर विश्वास ठेवा.

आणि आपल्याकडे ही परंपरा पोकळ नाही. शाहू महाराजांच्या पदरी असलेले आबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले. त्यांनी रंकाळा आणि गावाभोवतीची पाणवठ्याची ठिकाणं ज्या तन्मयतेनं काढली, तशी पुढं फार थोड्यांना साधली. चंद्रकांत मांडरे यांनी सिनेमातून वेळ काढून आयुष्यभर निसर्गचित्रं केली, राजारामपुरीतल्या त्यांच्या घरातच आज त्यांचं कलासंग्रहालय आहे. तिथं जाऊन एकदा चित्राऐवजी चित्रातली जागा शोधत फिरावं, असं मी प्रत्येकाला सांगतो. रंकाळ्याच्या काठावर आज जिथं इमारती आहेत तिथं कधीकाळी काय होतं, हे बघायला रंगांहून चांगली खिडकी आपल्याकडे नाही.

जळालेलं पुन्हा उभं करताना

कॅनालेत्तोचा भाचा बर्नार्दो बेलोत्तो मामाकडेच शिकला. पुढं तो पोलंडचा राजा स्तानिस्वाव आउगुस्त याच्या दरबारी चित्रकार झाला आणि १७८० मध्ये वॉर्सात वारला. राजासाठी त्यानं वॉर्साचे मोठे रस्ते, वाडे, चर्च एकेक करून रंगवले.

१९४४ मध्ये नाझी सैन्यानं वॉर्साचा ऐतिहासिक भाग ८५ टक्क्यांहून अधिक पाडून टाकला. युद्धानंतर पोलिश लोकांनी तो पुन्हा बांधायचं ठरवलं. त्यांच्याकडे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आधी केलेले मोजमापाचे आराखडे होते, फोटो होते, आणि बेलोत्तोची चित्रं होती. या चित्रांच्या आधारे कितीतरी दर्शनी भाग उभे राहिले. १९८० मध्ये युनेस्कोनं हे जुनं शहर जागतिक वारसा म्हणून मान्य केलं. यातही मामाचाच गुण आडवा आला. बेलोत्तोनं काही इमारती होत्या त्याहून देखण्या काढल्या होत्या, त्यामुळे काही ठिकाणी अठराव्या शतकात नसलेला देखणेपणा विसाव्या शतकात दगडात आला.

कोल्हापूरकरांना हे परकं वाटू नये. १९१५ मध्ये शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. ते होतं तसंच उभं राहावं अशी गावाची मागणी होती. होतं तसं म्हणजे नेमकं कसं, हे ठरवायला आराखडे लागतात, फोटो लागतात, आणि त्या जागेवर कधीतरी बसून कुणी काढलेलं चित्रही लागतं, ज्यात भिंतीचा खरा रंग आणि संध्याकाळचा उजेड दोन्ही आहेत.

हातात मोबाइल असताना हे सगळं कशाला?

फोटो काढावेतच, प्रश्नच नाही. पण फोटो एका क्षणाचा असतो आणि त्या क्षणी गाडी आडवी आली तर गाडीच दिसते. चित्रकार दोन-तीन तास एका जागी बसतो. भिंतीचा पोपडा कुठं सुटलाय, पायरीचा कोणता दगड निखळलाय, हे त्याला हातानं काढावं लागतं, म्हणून त्याला ते दिसतं. आणि एका फोनमधले हजारो फोटो फोनबरोबर जातात. हँडमेड कागद नीट ठेवला तर शंभर वर्षं सहज टिकतो.

दुसरी हरकत चित्रकार मित्रांकडून येते. ते म्हणतात, आम्ही पुरावा करायला बसत नाही, आम्हाला सकाळचा उजेड पकडायचा असतो. बरोबर आहे. कॅनालेत्तोही पुरावा करायला बसला नव्हता. उजेडाशी प्रामाणिक राहिला म्हणून शेवाळाशी प्रामाणिक राहिला. कुणी आपली शैली बदलायची गरज नाही. मनोरा सरकवायचा असेल तर जरूर सरकवा, फक्त सरकवला असं कुठंतरी लिहा.

लिहिण्याच्या बाबतीतही तोच वस्ताद. १७६६ मध्ये त्यानं सान मार्कोच्या चर्चमधल्या गायकांचं एक रेखाटन केलं आणि त्यावर स्वतःच्या हातानं नोंद केली: आपलं नाव, जागा, वर्ष, आणि हे चित्र आपण ६८ व्या वर्षी चष्म्याशिवाय काढलं हेही. म्हणून आज त्या एका कागदाबद्दल तारखेचा वाद नाही.

आपल्याकडे जुनी चित्रं हातात येतात तेव्हा बहुतेकांच्या मागं काहीच नसतं. सही असली तर असते, वर्ष नसतं. घाट कुठला, पावसाळा की उन्हाळा, कळत नाही. तेव्हा पंचगंगेवर किंवा रंकाळ्यावर बसणाऱ्या प्रत्येकानं चित्र उचलण्याआधी मागच्या बाजूला चार गोष्टी लिहाव्यात. तारीख, वेळ, नेमकं कुठं बसलो, आणि पाणी कितव्या पायरीवर होतं. घरात आजोबांनी काढलेली चित्रं असतील तर ज्यांना जागा आठवतात अशी माणसं हयात आहेत तोवर त्यांना विचारून तेही मागं नोंदवावं. पेन्सिलनंच लिहा, हलक्या हातानं आणि कडेला, पेनची शाई दमट हवेत कागदातून पुढं उमटते.